ठाण्यातील रविवारचा तोरा-अभ्यासवर्ग: पालकांसाठी एक अभिप्राय

ठाण्यात टेंभी नाक्याजवळ १८७९ साली स्थापन झालेले शआर हाशामाईम हे बेने इस्राएली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजाचे प्रार्थनास्थळ येता-जाता अनेकांनी पाहिलेले असते, परंतु तिथे वाचल्या जाणाऱ्या ग्रंथांत घरसंसाराविषयी काय सांगितले आहे, याची कल्पना फार थोड्यांना असते. शहरातील एका गृहसंकुलाच्या सभागृहात दर रविवारी सकाळी भरणारा तोरा, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांचा, मराठी अभ्यासवर्ग ही उणीव चांगल्या रीतीने भरून काढतो. वर्ग खाजगी असून शुल्क नाममात्र आहे, आणि येणाऱ्यांत आमच्या समाजाबाहेरची कुटुंबेही बरीच असतात.

या वर्गाचे मला सर्वांत मोलाचे वाटलेले वैशिष्ट्य म्हणजे पूर्वजांच्या घरांतील चुका येथे झाकल्या जात नाहीत. दोन मुलांपैकी इसहाकाचा ओढा एसावाकडे आणि त्याची पत्नी रिबका हिचा याकोबाकडे होता. पुढे याकोबानेही आपल्या मुलांपैकी योसेफाला वेगळा अंगरखा करून दिला, आणि भावांच्या मनात जो मत्सर पेटला त्याची परिणती योसेफ मिसरात (इजिप्तमध्ये) विकला जाण्यात झाली. तोरातील उत्पत्तीच्या पुस्तकातील हे प्रसंग शिकवणाऱ्या बाई एकामागोमाग वाचतात आणि मग ताल्मूद, म्हणजे रब्बींच्या (धर्मगुरूंच्या) चर्चांचा ग्रंथ, त्यातील शब्बाथ या प्रकरणाकडे येतात. मुलांमध्ये भेदभाव करू नये, कारण दोन सेला वजनाच्या रेशमापायी भावंडांत वितुष्ट आले आणि आपले पूर्वज मिसरात जाऊन पडले, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. हिशेब दोन नाण्यांच्या वजनाएवढ्या कापडाचा आहे, ही गोष्ट पालकांच्या मनावर ठसते; पुढची चर्चा आपोआप धाकट्याला मिळालेल्या नव्या दप्तरावर आणि थोरलीला सांगितलेल्या घरकामावर येते.

ताल्मूदाच्या सुक्का प्रकरणातील रब्बी झेरा यांच्या वचनावर झालेले सत्र मला सर्वांत सरस वाटले. मुलाला एखादी वस्तू देतो म्हणून सांगावे आणि देऊ नये, असे कोणी करू नये, कारण त्यातून मूल खोटे बोलायला शिकते, असे ते वचन आहे. एका गृहस्थांनी विचारले, "बाई, सायकल घेऊन देईन म्हणालो आणि हप्त्यांमुळे जमलेच नाही, तर काय करायचे?" बाईंनी सावकाश सांगितले की, न जमणे हा दोष नाही, पण मुलाने आठवण करून दिल्यावर "बघू" म्हणून टोलवत राहिलात, तर तेच त्याचे शिक्षण होते. "आजच त्याला समोर बसवून खरे काय ते सांगा," असेही त्या म्हणाल्या.

आत्मविकासाचा भागही पालकत्वापासून तुटलेला नाही. 'बलवान कोण? जो आपल्या वासनेला आवर घालतो तो,' हे पिर्के आवोत या नीतिवचनांच्या संग्रहातील बेन झोमा या ज्ञानी पुरुषाचे वाक्य घेतल्यावर लगेच मोएद काटान प्रकरणातील नियम वाचला जातो. वयात आलेल्या मुलावर हात उगारणाऱ्या बापाला ताल्मूद दोषी धरते, कारण तो मुलाला उलट हात उगारण्याच्या पापाकडे ढकलतो, म्हणजेच आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवतो. मुलाच्या उद्धटपणाची जबाबदारी आधी बापाच्या रागावर टाकणारा हा विचार मला अत्यंत न्याय्य वाटतो. पती-पत्नींच्या संदर्भात अब्राहामाची पत्नी सारा हिचा प्रसंगही सुरेख उलगडला. तिने त्याच्या म्हातारपणाचा उल्लेख केला होता. तिचे बोलणे त्याला सांगताना देवाने मात्र तिच्याच म्हातारपणाचा उल्लेख केला, आणि त्यावरून घरातील शांतीसाठी शब्द बदलण्यास मुभा असल्याचे ताल्मूदातील रब्बींनी मानले. सासरी निरोप पोहोचवणाऱ्या प्रत्येकाने ते ऐकावे.

काही उणिवा मात्र नोंदवायलाच हव्यात. तोरातील 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातील, हट्टी व बंडखोर मुलाला मृत्युदंड सांगणारा कठोर नियम घाईत उरकला गेला. असा मुलगा कधी झाला नाही आणि होणारही नाही, हे सान्हेद्रिन प्रकरणातील मत नुसते सांगून पुढे जाणे पुरेसे नाही. आई-बाप दोघांचा आवाज एकसारखा असल्याखेरीज शिक्षा होऊच शकत नाही, या रब्बी यहूदांच्या मतावर तर एक पूर्ण सकाळ देता आली असती. त्यातच उताऱ्यांची छापील पाने इंग्रजीत मिळतात. बेने इस्राएली आजींची मातृभाषा मराठी. मनुकांच्या सरबतावर किद्दूश, म्हणजे आशीर्वादाची प्रार्थना, म्हणत त्यांनी घरातला शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, जपला. वर्गात त्या पाने हातात धरून नुसत्या बसून राहतात, हे मला खटकते. मराठी प्रती निघाल्या तर या आजी अनुभवाचे चार शब्द जास्त बोलतील.

शाळकरी मुलांच्या पालकांनी हा वर्ग अवश्य करावा, आणि शक्यतो दोघांनी मिळून करावा. एकट्याने ऐकलेले घरी नीट पोहोचत नाही. धर्म कोणताही असो, अडचण येत नाही. बसायला सतरंजी असते, खुर्च्या मोजक्याच आहेत, त्यामुळे गुडघेदुखी असलेल्यांनी थोडे आधी पोहोचावे.