पहिला जुना सीडी प्लेअर: फिलिप्सचा झुलता हात की सोनीची सरकती लेन्स?

जुना सीडी प्लेअर आणायचा, उघडायचा, बोलता करायचा आणि मग त्यात आपल्या कानाला रुचतील असे बदल करायचे. या छंदात पडू पाहणारे मला बहुतेक वेळा एकच विचारतात: सुरुवात कुठल्या प्लेअरपासून करू? दर्शनी भागावर नावं ढीगभर असली, तरी झाकण काढल्यावर आतलं यंत्र पुष्कळदा दोनपैकी एका घराण्याचं निघतं, फिलिप्सचं नाही तर सोनीचं. पायोनिअर, सान्यो, जेव्हीसी यांनीही आपापली यंत्रं केली. पण माहिती आणि सुटे भाग या दोन घराण्यांचे जितके सापडतात तितके बाकीच्यांचे नाहीत.

माझं मत आधीच सांगते. पहिला प्लेअर सोनी घराण्याचा घ्या, दुसरा फिलिप्सचा. कारण आवाजाचं नाही, लेन्सचं आहे. (दुरुस्तीवाले अख्ख्या लेझर पिकअपलाच, म्हणजे लेझरने सीडी वाचणाऱ्या भागालाच, ‘लेन्स’ म्हणतात, मीही तसंच म्हणणार. वरच्या काचेच्या किंवा प्लास्टिकच्या थेंबाला इथे ‘भिंग’ म्हणू.)

दोन्ही घराण्यांनी मिळून १९८० मध्ये सीडीचं मानक ठरवलं: सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा. १ ऑक्टोबर १९८२ ला सोनीने जपानमध्ये सीडीपी-१०१ विक्रीला आणला. नमुन्यांपासून आवाजाचा सिग्नल बनवणारी फिलिप्सकडे तेव्हा तयार असलेली चिप १४ बिटांची होती, टीडीए१५४०. ती बाजूला न टाकता त्यांनी नमुने चौपट वेगाने, म्हणजे सेकंदाला १,७६,४०० वेळा, चिपला पुरवले आणि १४ बिटांकडून १६ बिटांच्या तोडीचं काम करून घेतलं. सोनीची चिप १६ बिटांची होती, पण सीडीपी-१०१ मध्ये ती एकच. डावा आणि उजवा चॅनल आळीपाळीने तिच्यातून जायचे, त्यामुळे दोघांमध्ये सुमारे ११ मायक्रोसेकंदांचं अंतर राहायचं. या पहिल्या पिढीतलं काही हाती लागलं तर जपून ठेवा, त्यावर हात बसवू नका. शिकायला खरे उपयोगी प्लेअर पुढचे: फिलिप्सकडे १९८५ नंतरचे टीडीए१५४१ चिपवाले, सोनीकडे १९९० च्या आसपासचे आणि नंतरचे, केएसएस-२४०ए लेन्सवाले.

झाकण काढल्यावर

फिलिप्सच्या सीडीएम-१, सीडीएम-२, सीडीएम-४ या यंत्रांत लेझर एका छोट्या हाताच्या टोकाला असतो. हा हात एका आसावर झुलतो, काट्याच्या मल्टिमीटरमध्ये काटा फिरतो तसा. गिअर नाहीत, घसरपट्टी नाही. तबकडी फिरवणारी मोटरही ब्रशलेस, त्यामुळे झिजण्यासारखं फार थोडं. सीडीएम-१ तर ओतीव धातूच्या सांगाड्यावर बांधलेलं आहे, हातात घेतलं की वजनच सांगतं. मरँट्झ (तेव्हा फिलिप्सच्याच मालकीची), ग्रुंडिग, रेव्हॉक्स यांनीही हीच यंत्रं आपल्या प्लेअरमध्ये बसवली.

सोनीत अख्खी लेन्स गुळगुळीत दांडीवर सरकत जाते. तिला ढकलायला छोटी मोटर आणि प्लास्टिकचे गिअर. तबकडीची मोटर साधी, ब्रशवाली. म्हणजे झिजणारे भाग जास्त. कागदावर पाहिलं तर फिलिप्स सरळ सरळ उजवा.

पण सीडीएम-१, २ किंवा ४ चा लेझर थकला, तर नवा हात कारखान्यातून मिळत नाही. ती यंत्रं बनणं कधीच बंद झालं. मग दुसरा प्लेअर मोडून त्यातलं यंत्र काढायचं, आणि त्याचाही लेझर तितकाच म्हातारा. केएसएस-२४०ए आजही नव्याने बनवलेल्या नकलांच्या रूपात स्वस्तात मिळते. सगळ्या नकला सारख्या नसतात, एखादी पहिल्याच दिवशी अडखळते, पण दुसरी मागवता येते. नवशिक्याच्या हातून चूक होणारच. ती निस्तरता येईल अशा यंत्रावर झाली, तर हात धीट होतो.

सोनी: कुठे बिघडतो, कसा ओळखायचा

‘नो डिस्क’ दिसलं की सगळे लेझरला दोष देतात. त्याआधी ट्रेचा पट्टा बघा. ट्रे आत गेल्यावर यंत्र शेवटचा थोडा वर उचललं जातं आणि तबकडी चिमटली जाते. पट्टा सैल असेल तर हा शेवटचा टप्पा पुरा होत नाही. ट्रे बंद दिसतो, पण तबकडी नीट बसलेलीच नसते. ट्रे बंद होताना हाताने हलकेच मदत केली आणि सीडी वाचली गेली, तर दोष पट्ट्याचा. नवा पट्टा टाका, पुलीवरचा चिकट काळा थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, काम झालं.

सीडी वाचली जाते पण अडखळते, तेव्हा कुठे अडखळते ते लिहून ठेवा. सीडी आतून बाहेर वाजते: आत मिनिटाला साधारण ५०० फेरे, कडेला साधारण २००. पहिल्याच गाण्यांत गडबड होत असेल तर तबकडीच्या मोटरवर संशय घ्या, कारण तिथे तिला सगळ्यात जास्त पळावं लागतं. सुरुवात छान आणि शेवटची गाणी अडखळत असतील तर दांडीवरचं ग्रीस वाळलंय किंवा गिअरच्या दातात घाण आहे. जुनं ग्रीस खरवडून, पुसून, नवं अगदी पातळ लावायचं. सगळीकडेच त्रास असेल तर मग भिंग आणि लेझर.

भिंग पुसायला कापसाची काडी अल्कोहोलमध्ये बुडवून झटकून घ्या आणि केसावर फुंकर घालावी इतक्या हलक्या हाताने फिरवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, वर्षानुवर्षं बंद पडलेल्या प्लेअरच्या भिंगावर बुरशीची जाळी धरते. नुसतं पुसून जिवंत झालेले दोन प्लेअर माझ्या टेबलावरून गेले आहेत.

लेझर थकला का, याचा अंदाज सोनीत आकड्याने घेता येतो. मूळ लेन्सवर चिकटवलेल्या कागदावर शेवटचे ३ अंक असतात. ४८८ असतील तर कारखान्यात मोजलेला करंट ४८.८ मिलिअँपिअर. लेझरला वीज देणाऱ्या ट्रान्झिस्टरजवळच्या रेझिस्टरवरचा व्होल्टेज मोजायचा आणि रेझिस्टरच्या ओहमने भागायचा. मूळ आकड्याच्या १० टक्के आतबाहेर असेल तर ठीक, फार वर चढला असेल तर लेझरचा डायोड (प्रकाश देणारा भाग) संपत आलाय. लेन्सवरचा बारीक पॉट (करंट कमीजास्त करणारा स्क्रू) फिरवून लेझर वाढवण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. कृपा करून फिरवू नका. महिनाभर गाडी चालते आणि मग डायोड कायमचा जातो.

नवी लेन्स बसवताना एक गोष्ट. तिच्या छोट्या बोर्डावर २ जवळजवळच्या ठिपक्यांना जोडणारा सोल्डरचा थेंब असतो. स्थिर विजेने डायोड मरू नये म्हणून तो कारखान्यातच घातलेला असतो. केबल जोडून झाली की तो काढायचा. मी पहिली लेन्स बदलली तेव्हा हे माहीत नव्हतं. दोन दिवस ‘नो डिस्क’ बघत होते आणि मागवलेली लेन्सच खराब असं धरून चालले होते. तिसऱ्या दिवशी टॉर्च लावून पाहिलं तर थेंब जसाच्या तसा चमकत होता. सोल्डरिंग आयर्नचं टोक क्षणभर टेकवलं आणि प्लेअरने ट्रॅकची संख्या दाखवली.

आणि चालू प्लेअरच्या भिंगात वरून डोकावू नका. ७८० नॅनोमीटरचा लेझर डोळ्याला जवळजवळ दिसतच नाही, म्हणूनच त्यापासून डोळे जपायचे. भिंग वरखाली होतंय का हे तिरप्या बाजूने बघता येतं.

फिलिप्स: दुखणी वेगळी

इथे यंत्रापेक्षा बोर्ड जास्त सतावतो. सीडी-१०४ सारख्या सुरुवातीच्या मॉडेलांत बोर्डाच्या दोन बाजू छोट्या धातूच्या रिव्हेटांनी जोडलेल्या आहेत. वर्षानुवर्षं तापून-थंड होऊन त्यांचं सोल्डर तडकतं. प्लेअर थंड असताना चालतो, तापल्यावर गप्प होतो, टेबलावर चापट मारली की पुन्हा गातो. असे ड्राय सोल्डर, म्हणजे वरून धड दिसणारे पण आतून सुटलेले सांधे, एकेक शोधत बसू नका. प्रत्येक रिव्हेटमधून बारीक तार ओवून दोन्ही बाजूंनी सोल्डर करा. संध्याकाळ जाते, पण पुन्हा बघावं लागत नाही. दुसरं म्हणजे निळे आडवे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. ते फुगत नाहीत, गळत नाहीत, दिसायला नवे. मोजल्यावर कळतं की आतून सुकलेत. ते सरसकट बदला.

बदल करायला मजा कुठे

इथे फिलिप्सला तोड नाही. टीडीए१५४१ए ही २८ पायांची मोठी चिप आहे, सगळं डोळ्याला दिसतं आणि बोटांना पोचतं. तिच्याभोवती १४ छोटे कपॅसिटर असतात, ते चांगले फिल्मचे टाकता येतात. तिला +५, -५ आणि -१५ असे ३ सप्लाय लागतात, ते वेगवेगळे सुधारता येतात. पुढचा ऑपअँप (चिपमधून निघालेला सिग्नल पुढे पोचवणारी छोटी चिप) सॉकेटवर बसवून बदलून बघता येतो. सोनीच्या त्या काळच्या पल्स पद्धतीच्या (अतिवेगवान स्पंदांतून आवाज घडवणाऱ्या) चिपा बारीक पायांच्या, बोर्डाला चिकटलेल्या. तिथे ऑपअँप, कपॅसिटर आणि सप्लाय एवढंच नवशिक्याने करावं.

फिलिप्समधला सर्वांत गाजलेला बदल म्हणजे एसएए७२२० ही नमुने चौपट करणारी फिल्टर चिप काढून डिकोडरचे (सीडीवरून वाचलेल्यातून नमुने काढणाऱ्या चिपचे) नमुने थेट टीडीए१५४१ला देणं. करून बघण्यासारखा आहे, पण त्यात काय जातं ते आधी समजून घ्या. सगळ्या चिपांना ताल देणारा ११.२८९६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल पुष्कळ मॉडेलांत याच चिपला जोडलेला असतो, म्हणजे चिप गेली की डिकोडरला हा ताल, म्हणजे क्लॉक, वेगळा द्यावा लागतो. डिजिटल आउटपुटही इथूनच निघतं, ते बंद. ओरखड्यांमुळे हरवलेले नमुने अंदाजाने भरून काढण्याचं काम हीच चिप करते; ती नसली की ओरखडे टकटक ऐकू येतात. आणि वरचे सूर उतरतात, २० किलोहर्ट्झला साधारण ३ डेसिबलने. आवाज मऊ लागतो तो बराचसा यामुळे. मला सतार आणि जुनी मराठी गाणी अशी ऐकायला आवडतात, तबला नाही. चाटीची धार बोथट होते. चिप काढताना माझ्या हातून बोर्डावरचा तांब्याचा एक ट्रॅक उखडला होता. त्यामुळे सांगते, पाय आधी एकेक कापा, मग एकेक उपसा. आणि जागेवर सॉकेट बसवा म्हणजे परत फिरता येतं.

घेताना फसू नका. दिसायला सारख्या फिलिप्स प्लेअरमध्ये कधी ८ पायांची स्वस्त टीडीए१५४३ निघते, कधी बिटस्ट्रीम, म्हणजे फिलिप्सची स्पंदांवर चालणारी, चिप. शक्य असेल तर झाकण उघडून चिपवरचं नाव वाचूनच पैसे द्या. मुगुटाचा शिक्का (निवडून काढलेल्या चांगल्या चिपांची खूण) असलेल्या टीडीए१५४१ए सुट्या विकत घेऊ नका. साध्या चिपवर मुगुट छापून विकणारे पुष्कळ आहेत.

१९९० च्या दशकातल्या सीडीएम-१२ यंत्राच्या फिलिप्स आणि मरँट्झ प्लेअरबद्दलही विचारलं जातं. त्यात झुलता हात नाही, लेन्स सरकते आणि बदली लेन्स मिळते. परवडत असेल आणि चालू असेल तर घ्या, पण झुलत्या हाताची मजा त्यात शोधू नका.

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात जाताना खिशात दोन गोष्टी ठेवा. एक, ७० मिनिटांहून लांब सीडी: पहिलं गाणं आणि शेवटचं गाणं, दोन्ही वाजवून बघायची. दुसरी, घरी लिहिलेली सीडी-आर. लेझर थकत आला की बहुधा आधी तीच नाकारली जाते. मग प्लेअर उलटा करून मागची पट्टी वाचा. जपानहून आलेला असेल तर तिथे १०० व्होल्ट लिहिलेलं असतं, अमेरिकेतून आलेला असेल तर १२०. असा प्लेअर आपल्या २३० व्होल्टला थेट लावला तर ट्रान्सफॉर्मर जळतो. विकणारा ‘इथेच चालवून दाखवतो’ म्हणत असेल, तर त्याने प्लग लावण्याआधी ती पट्टी वाचून घ्या.