क्रॉफर्ड प्रकरण शोधायचंय? मुंबईच्या पुराभिलेखागाराबद्दल

१८८८ मध्ये मुंबई इलाख्यातल्या मध्य विभागाचे कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्यावर मामलेदारांकडून लाच घेतल्याचा आरोप झाला. त्या काळातली लाचलुचपतीची चौकशी अभ्यासायला एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतलं हे पुराभिलेखागार, म्हणजे जुन्या सरकारी कागदपत्रांचं भांडार, फार मोलाचं आहे.

थेट 'क्रॉफर्ड' शोधू नका. आधी खातं आणि वर्ष ठरवा, सूची पाहा, मग खंड आणि कंपायलेशन (एका विषयाच्या कागदांचा संच) यांचे क्रमांक टिपून मागणीपत्र भरा. न्याय खात्यावर थांबू नका. मामलेदार महसूल खात्याचे, त्यामुळे तीही सूची चाळा. १८८९ सुद्धा घ्या, कारण साक्ष देणाऱ्या मामलेदारांच्या अभयाचा, म्हणजे लाच दिल्याची कबुली देऊनही कारवाई न करण्याच्या सरकारी आश्वासनाचा, वाद तेव्हाच पेटला.

देशी वृत्तपत्रांचे साप्ताहिक अहवाल जरूर मागवा. मात्र ते सरकारी अनुवादकांनी केलेले इंग्रजी सारांश आहेत. 'केसरी'चा सूर त्यात उतरत नाही, मूळ अंक पडताळा.

सगळ्यात मोठी चूक निकालाबाबत होते. आरोपांची चौकशी करणाऱ्या आयोगाला लाच सिद्ध वाटली नाही. हाताखालच्यांकडून कर्ज घेतल्याचा दोष मात्र टिकला, आणि क्रॉफर्डची नोकरी गेली. म्हणून निष्कर्षाआधी साक्षी वाचा. कागद ठिसूळ आहेत, पानं सावकाश उलटा.