तळाचा रस्ता बुडतोय: आराखडा की बांधकाम?

व्हर्जिनियात नगररचना खात्यात असलेल्या मैत्रिणीचा प्रश्न: मोठी भरती आली की नौदल तळाचा रस्ता बुडतो, कामगार गाडीत अडकून बसतात. पेंटागॉनकडे (अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडे) कुठलं अनुदान मागू?

पेंटागॉनचा डिफेन्स कम्युनिटी इन्फ्रास्ट्रक्चर प्रोग्रॅम 2020 पासून तळाच्या कुंपणाबाहेरच्या बांधकामाला पैसे देतो, अलीकडच्या फेऱ्यांत अडीच लाख ते दोन कोटी डॉलर. पण साधारण 30 टक्के वाटा पालिकेचा (छोट्या ग्रामीण गावांना सूट), आणि नकाशे-परवाने तयार हवेत. इथेच आपटायची भीती.

दुसरं अनुदान रेझिलियन्स आराखड्याचं, म्हणजे पूर-वादळात तळ चालू कसा राहील याच्या नियोजनाचं. त्यात स्थानिक वाटा 10 टक्क्यांच्या आसपास. मिळतो मात्र अभ्यास. खडीचा एक डंपरही नाही.

पाणी नाल्यातून उलटं येतं की समुद्रातून, हेच ठरलेलं नसेल तर आराखडा. डिझाइन कपाटात पडून असेल तर बांधकाम. तिच्याकडे डिझाइन नाही.