ग्राउंडिंगचा फ्लॅग शिकवणारा ऑनलाइन कोर्स: घ्यावा का?

अमेरिकेत हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉलला (हाताने बॉल फेकतात तो) ऑफिशियल, म्हणजे पंच म्हणून माझा हा दुसरा सीझन, मी लाइन जज असते, म्हणजे बाजूच्या रेषेजवळ उभी राहणारी पंच. मागच्या वर्षी एका मॅचमधे क्वार्टरबॅकला, म्हणजे पास फेकणाऱ्या खेळाडूला, दोघांनी घेरलं, त्याने बॉल माझ्या बाजूला भिरकावला आणि रेफरी (मुख्य पंच) पळत येऊन विचारतो, "तिथे कोणी होतं का?" मला सांगताच येईना, कारण बॉल पडतो कुठे ते बघायचं सोडून मी पण सगळ्यांसारखी क्वार्टरबॅककडेच बघत राहिले होते. फ्लॅग (फाउल दाखवायला आम्ही टाकतो तो रुमाल) पडला नाही. डिफेन्सचा कोच चिडला आणि त्याचं चिडणं बरोबरच होतं. त्या रात्री झोप लागेना, तेव्हा हा कोर्स घेतला. नाव लिहीत नाही, कारण पुढे एक तक्रार आहे आणि ती मी त्यांना कळवलीये.

नियम ऐकायला सोपा वाटतो. अंगावर डिफेन्स आलेला, यार्ड जाणार हे दिसतंय, म्हणून पासरने (बॉल फेकणाऱ्याने) आपला रिसीव्हरच (पास घेणारा) नाही अशा ठिकाणी बॉल फेकून दिला की इंटेन्शनल ग्राउंडिंग. पण मैदानावर हे ठरवायला एका माणसाचे डोळे पुरत नाहीत हो! रेफरीला पासरवरच नजर ठेवावी लागते, बॉल सुटल्यावर त्याला कोणी उशिरा येऊन धडकत नाही ना ते बघायचं असतं, मग बॉल कुठे पडला ते त्याला दिसणार कसं. ते आम्ही बाजूला उभे असलेल्यांनी किंवा मागच्या बॅक जजने बघायचं आणि पळत जाऊन सांगायचं.

आणि हेच या कोर्सने इतकं छान दाखवलंय की त्यासाठीच मी पुन्हा पैसे मोजेन. एक क्लिप रेफरीच्या मागून घेतलेली आहे, बॉल हातातून सुटतो, फ्रेमच्या बाहेर जातो आणि व्हिडिओ थांबतो. स्क्रीनवर प्रश्न येतो, फ्लॅग? मी लगेच "हो" दाबलं. चूक. बरोबर उत्तर होतं "अजून नाही". मग तोच प्ले लाइन जजच्या जागेवरून दाखवतात, बॉल जमिनीवर आपटतो आणि तिथून दोन पावलांवर रनिंग बॅक उभा, पाठ करून, कोणालातरी अडवतोय. त्याचं लक्ष नाही, पण तो पास घेऊ शकणारा खेळाडू आहे आणि जवळ आहे, म्हणजे ग्राउंडिंग नाही. ही क्लिप मी दहा वेळा तरी बघितली असेल.

लांब फेकला म्हणजे सुटला असंही नाही, हे समजवायला त्यांनी ५ फेब्रुवारी २०१२ चा सुपर बोल, म्हणजे प्रोफेशनल लीग एनएफएलची फायनल, घेतलाय. क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीने पॅट्रियट्सच्या पहिल्याच प्लेला स्वतःच्या एंड झोनमधून (मैदानाच्या टोकाची पट्टी) मधोमध लांब बॉल टाकला, तिथे आपलं माणूसच नाही, ग्राउंडिंग, आणि एंड झोनमधून म्हणून सेफ्टी, म्हणजे समोरच्या टीमला दोन पॉइंट, जायंट्स २-०. शेवटी ती मॅच २१-१७ अशी संपली, त्यात ते दोन पॉइंट कमी नव्हेत.

आता तक्रार. क्लिप्स एनएफएल, कॉलेज, हायस्कूल सगळ्या एकत्र, आणि कुठली कशाची ते लिहिलेलंच नाही. शिक्षा तर तिन्हीकडे वेगळी! डाउन (टीमला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला एक) सगळीकडे जातो, पण हायस्कूलला फाउलच्या जागेपासून ५ यार्ड मागे, कॉलेजला फाउलच्या जागेवरच, आणि एनएफएलला साधारण १० यार्ड किंवा तो फारच मागे असेल तर फाउलची जागा. नवीन माणसाचा यात गोंधळ होणारच. त्याहून वाईट म्हणजे क्विझमधे एक प्रश्न जुन्या नियमाचा आहे. हायस्कूलला आधी बाहेर पळून बॉल फेकून द्यायची सूट नव्हती, २०२२ पासून मिळाली. स्नॅपच्या (प्ले सुरू करायला बॉल मागे देतात त्या) जागेपासून बाजूला ४ यार्डांच्या बाहेर गेलेला पासर बॉल टाकून देऊ शकतो, फक्त बॉल न्यूट्रल झोनपर्यंत (दोन टीम समोरासमोर उभ्या असतात त्यांच्या मधली पट्टी) पोचला पाहिजे, साइडलाइनच्या बाहेर पडला तरी ती रेषा तशीच पुढे धरायची. २०२३ मधे त्यात भर घातली की ही सूट स्नॅपनंतर बॉल पहिल्यांदा ज्याच्या हातात आला त्यालाच. कोर्स मात्र अजून अशा पासला फाउल म्हणतो आणि बरोबर उत्तराचा मार्क कापतो, हे चालणार नाही. शिकणाऱ्याने यावर विश्वास ठेवून शुक्रवारच्या मॅचला फ्लॅग टाकला तर त्या पोरांचा डाउन जाईल ना.

मेल केला, दोन दिवसांत उत्तर आलं, पुढच्या अपडेटमधे बदलू म्हणाले. बघू.

या सीझनला तिसऱ्याच मॅचमधे तसाच प्ले आला. यावेळी मी बॉलबरोबर नजर नेली, पडला तिथे आमच्या क्रूशिवाय कोणी नव्हतं, रेफरीने विचारायच्या आधीच मी आत पळत गेले, "रिसीव्हर नाही, जवळचा पंधरा यार्डांवर." त्याने पासर बॉल सोडताना उभा होता ती जागा पायाने धरून ठेवली होती, तिथेच फ्लॅग टाकला. स्टँडमधून आरडाओरडा झाला की इतक्या उशिरा कसा फ्लॅग, पण तो उशिराच पडायला हवा होता.

विंगवर (माझ्यासारखं बाजूच्या रेषेजवळ) उभं राहणाऱ्यांनी जरूर घ्या, पाचपैकी चार स्टार. शिक्षेचा भाग तेवढा आपल्या लेव्हलच्या रूलबुकमधून वाचा आणि तो क्विझ सध्या सोडून द्या.