सिस्प्लॅटिन की कार्बोप्लॅटिन?

आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या घरात कर्करोगावरच्या केमोथेरपीची ही दोन्ही औषधं येऊन गेली: काकांना घशाच्या कर्करोगासाठी सिस्प्लॅटिन, मावशीला अंडाशयाच्या कर्करोगासाठी कार्बोप्लॅटिन. बांबोळीच्या सरकारी इस्पितळाच्या वाऱ्या दोघांच्याही.

दोन्हींत प्लॅटिनम. ते पेशीच्या डीएनएला चिकटून धाग्यांना जणू गाठ मारतं. मग पेशीला विभागता येत नाही आणि ती मरते. झपाट्याने वाढणाऱ्या निरोगी पेशीही त्यात सापडतात.

सिस्प्लॅटिन जुनं, १९७८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं, आणि स्वभावाने तापट. उलट्या भयंकर. त्या दिवसांत काकांना पेजसुद्धा नको व्हायची, माशाचा वास तर दूरच. मूत्रपिंडाला इजा होऊ नये म्हणून आधी-नंतर सलाइन चढवतात, त्यात अर्धा दिवस जातो. कानात गुंई सुरू झाली तर लगेच सांगायचं. गेलेली श्रवणशक्ती सहसा परत येत नाही. काकांनी आठवडाभर लपवलं. गोंयकारी हट्ट, दुसरं काय!

कार्बोप्लॅटिनची क्रिया सावकाश. उलट्या कमी, मूत्रपिंड आणि कान बरेच सुरक्षित. पण रक्तातल्या प्लेटलेट्स आणि पांढऱ्या पेशी दोन-तीन आठवड्यांनी घसरतात, म्हणून मावशीचा एक डोस पुढे ढकलावा लागला. मूत्रपिंड किती गाळतं, यावरून याची मात्रा ठरते.

मग सगळ्यांना सौम्यच का देत नाहीत? अंडाशयात दोन्ही जवळपास सारखीच चालतात, तिथे मी डोळे मिटून कार्बोप्लॅटिन म्हणेन. वृषणाच्या कर्करोगात मात्र सिस्प्लॅटिनच सरस. तिथे त्रास सोसण्यात अर्थ आहे.