डी४ ला काळ्याने काय खेळावं: स्लाव्ह की डिक्लाइन्ड?

बुद्धिबळात पांढऱ्याने डी४, काळ्याने डी५, पांढऱ्याने सी४. इथवर कोल्हापुरातल्या रविवारच्या रॅपिड स्पर्धांमध्ये खेळणाऱ्या कुणालाही येतं. पुढे काळ्याने सी६ (स्लाव्ह बचाव) की ई६ (क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड), हे ठरवताना मी बरेच दिवस दोन्ही खेळून पाहिलं.

स्लाव्हचं वजन कमी लेखू नये. सी८ चा उंट मोकळा राहतो, मधलं प्यादं भक्कम. त्याच घराण्यातल्या सेमी-स्लाव्हने (सी६ आणि ई६ दोन्ही) आनंदने २००८ मध्ये बॉनला, जगज्जेतेपदाच्या सामन्यात, क्रॅमनिकविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी दोन डाव जिंकले.

पण मला एक गोष्ट फार खुपते. पांढऱ्याने तिसऱ्याच खेळीला डी५ वर मारामारी केली की दोन्हीकडची प्यादी हुबेहूब सारखी होतात. सी ची उभी पट्टी उघडते, हत्ती समोरासमोर येऊन कटतात. शेवटच्या फेरीत तुम्हाला पूर्ण गुण हवा असतो आणि समोरच्याला अर्धा पुरणार असतो; तो नेमकं हेच करतो. वरच्या पातळीवर यातूनही डाव जिंकतात, हे मान्य. पण वीस-पंचवीस मिनिटांच्या घड्याळावर मला तरी ते क्वचितच जमताना दिसलं.

डिक्लाइन्डमध्ये तीच मारामारी झाली तर ई-प्याद्याने परत मारायचं. रचना दोन्हीकडे वेगळी होते. पांढरा वजिराच्या बाजूला बी५ रेटतो, आपल्याला राजाच्या बाजूला काम मिळतं आणि ई६ मुळे कोंडलेल्या सी८ च्या उंटाची वाटही उघडते. कॅटलानचा (पांढरा जी३ करून उंट जी२ ला आणतो) त्रास मात्र आहे. त्याचा अभ्यास वेगळा करावा लागतो.

त्या उंटाबद्दल तक्रार करणाऱ्यांनी सोफियातल्या २०१० च्या जगज्जेतेपद सामन्याचा बारावा, शेवटचा डाव लावून पाहावा. गुण साडेपाच-साडेपाच, आनंद काळ्याने, समोर तोपालोव, डिक्लाइन्डमधलाच लास्कर बचाव. उंट बी७, ए६ करत शेवटी ए८ च्या कोपऱ्यात जाऊन बसला. मग आनंदने ई४ रेटलं, तोपालोवने एफ-प्याद्याने ते मारलं आणि ए८ ते एच१ चा लांब कर्ण थेट पांढऱ्या राजावर उघडला. जगज्जेतेपद तिथे राखलं गेलं.

पाठांतराची आवड असेल, बरोबरीही चालत असेल, तर स्लाव्ह घ्या, काही बिघडत नाही. काळ्याने जिंकायलाच बसायचं असेल तर मी ई६ म्हणेन, आणि सुरुवात लास्करपासून करा: ई४ वर घोडा, उंटाला उंट, वजिराने परत मारायचं. मोहरे कमी होतात, श्वास घ्यायला जागा मिळते, आणि प्यादी तरीही सारखी होत नाहीत.