आर्जिनिन दोन महिने, सिट्रुलिन पाच महिने: वापरानंतरचा अनुभव

पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी आमच्या गावचे पोट्टे पहाटे पाचला कॅनॉलच्या रस्त्यावर पळतात. त्यांच्यात मीच म्हातारा, चौतिशीचा. भरती हुकली, पळणं राहिलं.

रक्तप्रवाह वाढतो असं वाचून आधी एल-आर्जिनिन, म्हणजे एका अमिनो आम्लाची पावडर, मागवलं, कारण ते स्वस्त पडलं. कुरियर गावात येत नाही, तालुक्याला जाऊन डबा आणला. उघडला तर वास सुक्या मासोळीचा, चव कडवट. नाक दाबून प्यायचो. सहा ग्रॅमवर काहीच जाणवलं नाही. मग शहाणपणा करून एकदम दहा ग्रॅम घेतलं आणि तिसऱ्या फेरीला रस्ता सोडून थेट पऱ्हाटीत घुसावं लागलं. पोट्टे अजून हसतात.

शरीर आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड बनवतं आणि त्यानं रक्तवाहिन्या सैलावतात, इथवर जाहिरात खरी आहे. त्या शोधाला १९९८ चं नोबेलही मिळालं. पण तोंडावाटे घेतलेल्या आर्जिनिनचा बराच भाग आतडं अन् यकृत मधेच मोडून टाकतात. सिट्रुलिन हे दुसरं अमिनो आम्ल मात्र यकृतातून तसंच निसटतं आणि मूत्रपिंडात त्याचं आर्जिनिन होतं. त्यामुळे रक्तातलं आर्जिनिन वाढवायला आर्जिनिनपेक्षा सिट्रुलिनच बरं पडतं, उलटं वाटलं तरी.

मग सिट्रुलिन मॅलेट घेतलं, दोनास एक प्रमाणाचं. इथं डब्यावरचा आकडा नीट वाचा: आठ ग्रॅम पावडरीत सिट्रुलिन सव्वापाच ग्रॅमच्या आसपास, बाकी मॅलिक आम्ल. चव लिंबूसत्वासारखी, दात आंबतात. पोटाला मात्र काही त्रास नाही. पळण्याआधी तासभर घ्यायचो. श्रावणात डब्यात खडीसाखरेसारखा गोळा झाला. चमच्याच्या दांड्यानं फोडून सोनाराकडच्यासारख्या छोट्या काट्यावर मोजू लागलो, कारण सोबतच्या मापात गोळा धड मावेना.

सिट्रुलिन हे नाव टरबुजाच्या शास्त्रीय नावावरून आलंय, हे आईला सांगायला नको होतं.

"मंग आंबट पान्याले एवढे पैसे काहून देतं? टरबूज खाय ना!"

चूक नाही तिची, पण तेवढं सिट्रुलिन मिळवायला रोज काही किलो टरबूज खावं लागेल, अन् पहाटे तेवढं खाऊन कोण पळणार?

फायदा? उठाबशांच्या शेवटच्या दोन सेटमध्ये मांड्या कमी भरून येतात, हे नक्की जाणवलं. १६०० मीटरची वेळ सहा मिनिटं पाच सेकंदांवरून पाच पस्तीसवर आली. पण याच काळात मी आठवड्यातून दोनदा चारशे मीटरचे तुकडे पळू लागलो होतो. दिवाळीच्या महिन्यात डबा संपला, कापूस वेचणीच्या गडबडीत नवा आणला नाही. तरी वेळ दोन-तीन सेकंदांनीच मागे गेली. तेव्हा श्रेय कोणाला, तुम्हीच ठरवा.

काकांनी मागितलं, तेव्हा मी साफ नाही म्हटलं. त्यांना मागच्या वर्षी झटका येऊन गेलाय, बीपीची गोळी चालू आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर आर्जिनिन देऊन पाहिलेली एक अमेरिकन चाचणी २००६ साली छापून आली. आर्जिनिन घेणाऱ्यांतले सहा जण दगावले, दुसऱ्या गटात एकही नाही, आणि चाचणी थांबवावी लागली. सिट्रुलिनचंही शेवटी आर्जिनिनच होतं. काका आठवडाभर रुसले होते.

आता डबा पुन्हा आणलाय, पण रोज घेत नाही. पायांच्या व्यायामाच्या दिवशीच. आर्जिनिनचा उरलेला अर्धा डबा कोणाला हवा असेल तर फुकट न्या म्हटलं, वास घेऊन सगळे परत ठेवतात.